भूमिगत टाकीच्या भिंतीवर भूकंपात येणारा मातीचा दाब: गणित कसे मांडावे

इमारतीच्या आवारात जमिनीखाली बांधल्या जाणाऱ्या आरसीसी टाकीचे डिझाइन करताना भूकंपाचा विचार बहुधा टाकीतल्या पाण्यापुरता केला जातो. बाहेरून दाबणाऱ्या मातीसाठी रिटेनिंग वॉलचे (माती अडवणाऱ्या मोकळ्या भिंतीचे) सूत्र उचलले जाते आणि त्यातून आलेला आकडा पुरेसा मानला जातो. ही पद्धत सोयीची असली तरी तिच्या मुळाशी असलेले गृहीतक टाकीला लागू पडत नाही. रिटेनिंग वॉल मातीच्या दाबाने पुढे सरकू किंवा झुकू शकते, म्हणून तिच्यावरचा दाब उतरतो. तळाशी राफ्टने, म्हणजे पायाच्या सलग स्लॅबने, आणि वर छताच्या स्लॅबने धरलेली टाकीची भिंत अशी झुकू शकत नाही. या लेखात एका टाकीचे उदाहरण घेऊन हे गणित पायरी-पायरीने मांडले आहे. वाचकाला मृदा यांत्रिकी आणि आरसीसी डिझाइनची तोंडओळख आहे असे धरले आहे.

उदाहरणातील टाकी

टाकी सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील कोयनानगरच्या परिसरात आहे असे समजू. आयएस १८९३ या भूकंपरोधक डिझाइनच्या भारतीय मानकाच्या भाग १ च्या २०१६ च्या आवृत्तीत हा परिसर झोन ४ मध्ये येतो आणि त्याचा झोन गुणांक ०.२४ आहे. पुणे आणि मुंबई झोन ३ मध्ये असून तेथे हा गुणांक ०.१६ आहे. प्रत्यक्ष कामाला लागण्यापूर्वी मानकाची त्या वेळी लागू असलेली आवृत्ती तपासून घ्यावी.

टाकीचे बाहेरील माप ६.५ मीटर × ४.५ मीटर, भिंतीची जाडी २५० मिमी, वरचा स्लॅब २०० मिमी आणि जमिनीच्या पातळीला, राफ्ट ४०० मिमी, आणि जमिनीपासून राफ्टच्या वरच्या पृष्ठापर्यंतची खोली ४ मीटर आहे. भराव मुरुमाचा असून त्याचे एकक वजन १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर आणि घर्षणकोन ३० अंश धरू. वर वाहने उभी राहतील, म्हणून १० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर अधिभार (जमिनीवरचा जादा भार) धरू. भूजल सुरुवातीला राफ्टच्या खाली आहे असे मानू. पावसाळ्यातील स्थितीकडे नंतर येऊ.

पायरी १: भिंत सरकते का, हे आधी ठरवणे

सूत्र निवडण्याआधी हा प्रश्न सोडवला पाहिजे. घट्ट वालुकामय भरावात सक्रिय दाबाची, म्हणजे भिंत सरकल्याने उतरलेल्या किमान दाबाची, अवस्था येण्यासाठी भिंतीचे माथे साधारणपणे उंचीच्या एक हजारांश इतके बाहेर सरकावे लागते, म्हणजे आपल्या टाकीत सुमारे ४ मिमी. सैल भरावात याहून जास्त. आता खाली पक्की आणि वर टेकलेली एक मीटर रुंदीची पट्टी घेऊन स्थिर दाबाखालील तिचा बाक काढला, तर एम ३० काँक्रीटच्या न तडकलेल्या छेदासाठी तो जेमतेम ०.६ मिमी येतो. तडे गेल्यावर बाक दुप्पट-तिप्पट झाला तरी ४ मिमीपर्यंत पोचत नाही, आणि माथा तर जागचा हलतच नाही. अशी भिंत मातीच्या दृष्टीने न सरकणारी समजावी.

याउलट, वर सलग स्लॅब न घालता उचलता येणाऱ्या प्रीकास्ट लाद्या टाकलेली उथळ टाकी असेल, तर तिची भिंत कँटिलिव्हर म्हणून, म्हणजे फक्त तळाशी धरलेली, वागते. तिच्यासाठी रिटेनिंग वॉलचे गणित योग्य ठरते. बांधकामाच्या नकाशावर दोन्ही टाक्या सारख्याच दिसतात, म्हणून स्लॅब आणि भिंतीच्या जोडाचा तपशील पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पायरी २: स्थिर दाब

न सरकणाऱ्या भिंतीवर ॲट-रेस्ट दाब, म्हणजे माती जागची न हलता देते तो दाब, धरावा. त्याचा गुणांक १ वजा साइन ३०, म्हणजे ०.५ येतो. तळाशी दाब ०.५ × १८ × ४ = ३६ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, आणि एकूण जोर प्रति मीटर लांबीला ७२ किलोन्यूटन. अधिभारामुळे सर्व उंचीवर सारखा ५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर दाब जोडला जातो. खाली पक्क्या, वर टेकलेल्या पट्टीत मातीमुळे तळाचा मोमेंट (वाकवणारा परिणाम) ३८.४ आणि अधिभारामुळे १० किलोन्यूटन-मीटर येतो.

पायरी ३: भूकंप गुणांक

झोन गुणांकाचा निम्मा भाग डिझाइन भूकंपासाठी घेतला जातो, आणि पिण्याचे पाणी साठवणाऱ्या, भूकंपानंतरही चालू राहिली पाहिजे अशा टाकीला महत्त्व गुणांक १.५ घेणे उचित ठरते. त्यामुळे क्षैतिज गुणांक ०.१२ × १.५ = ०.१८ येतो. पुण्यासाठी हाच आकडा ०.१२ होईल. मातीच्या दाबासाठी इमारतीप्रमाणे प्रतिसाद घट गुणांकाने (तडकूनही तग धरण्याच्या क्षमतेसाठी भूकंपबल कमी करणाऱ्या गुणांकाने) भागाकार करू नये, कारण भिंत तडकल्याने मातीची हालचाल कमी होत नाही.

जमिनीखालील बांधकामांसाठी मानकात ३० मीटर खोलीवर गुणांक निम्मा करण्याची आणि मधल्या खोलीसाठी प्रमाणात घट करण्याची मुभा आहे. चार मीटर खोलीला ती घट सात टक्क्यांच्या आतच बसते, म्हणून उथळ टाकीसाठी ती सोडून द्यावी हे माझे मत आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात धरणाच्या गॅलरीतील उपकरणाने गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ०.६ पट त्वरण नोंदवले होते. ते आठवले की सात टक्क्यांच्या बचतीचा मोह आपोआप कमी होतो.

पायरी ४: भूकंपामुळे होणारी वाढ

टोकियो परिसर उद्ध्वस्त करणाऱ्या १९२३ च्या कांतो भूकंपानंतर जपानमध्ये ओकाबे यांनी १९२६ मध्ये, आणि मोनोनोबे व मात्सुओ यांनी १९२९ मध्ये सक्रिय दाबाचे जुने गणित भूकंपासाठी वाढवले. तेच आज मोनोनोबे-ओकाबे सूत्र म्हणून ओळखले जाते. ते सरकू शकणाऱ्या भिंतीसाठी आणि कोरड्या, चिकटपणा नसलेल्या भरावासाठी आहे. आपल्या उदाहरणात भिंत व माती यांतील घर्षणकोन १५ अंश धरला, तर या सूत्राने एकूण गुणांक ०.४३ येतो, आणि भूकंप नसताना सक्रिय दाबाचा गुणांक ०.३० असतो. दोन्हींतील फरक ०.१३. सीड आणि व्हिटमन यांनी १९७० मध्ये सुचवलेला सोपा नियम, म्हणजे क्षैतिज गुणांकाची तीन-चतुर्थांश पट, हा फरक ०.१३५ देतो, दोन्ही उत्तरे जुळतात.

येथेच पाय घसरतो. मोनोनोबे-ओकाबेचा एकूण गुणांक ०.४३ आहे आणि भूकंप नसतानाचा ॲट-रेस्ट गुणांक ०.५० आहे. म्हणजे जो अभियंता टाकीच्या भिंतीसाठी हे सूत्र सरळ वापरतो, त्याला भूकंपातला दाब शांत जमिनीतल्या दाबापेक्षा कमी मिळतो. गणितात चूक नसते. भिंत सरकेल हे गृहीतक त्या भिंतीला लागू नसते एवढेच.

काही जण ॲट-रेस्ट दाबावर सीड-व्हिटमनची वाढ जोडतात. तसे केल्यास वाढीव जोर ०.५ × १८ × १६ × ०.१३५ = १९.४ किलोन्यूटन प्रति मीटर येतो. न सरकणाऱ्या भिंतीसाठी मात्र वुड यांनी १९७३ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत केलेले विश्लेषण अधिक जवळचे आहे. त्यात कठीण थरावर उभ्या, न हलणाऱ्या भिंतीमागे लवचिक माती धरली आहे आणि वाढीव जोर साधारणपणे क्षैतिज गुणांक × एकक वजन × उंचीचा वर्ग इतका येतो. आपल्यासाठी ०.१८ × १८ × १६ = ५१.८ किलोन्यूटन प्रति मीटर, म्हणजे आधीच्या आकड्याच्या पावणेतीन पटीच्या आसपास. हा प्रश्न केवळ कागदावरचा नव्हता. ९ फेब्रुवारी १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात जेन्सन जलशुद्धीकरण केंद्रातील बांधकाम चालू असलेल्या भूमिगत जलाशयाच्या भिंती आणि छत यांचे मोठे नुकसान झाले होते.

वुडचे उत्तर वरच्या बाजूचे आहे हेही सांगितले पाहिजे. टाकी कातळात रोवलेली नसून मातीत बसली असेल, तर ती मातीबरोबर काही प्रमाणात हलते आणि दाब त्याहून कमी राहतो. माझी शिफारस अशी की राफ्ट कातळावर किंवा कठीण मुरुमावर टेकलेला असेल तर वुडचा पूर्ण आकडा घ्यावा. कोयनेच्या आणि पुण्याच्या बेसाल्टच्या प्रदेशात ही स्थिती नेहमीचीच आहे. खोल गाळाच्या मातीत, मृदा-संरचना परस्परक्रियेचे विश्लेषण करून घेतले असेल तरच आकडा खाली आणावा.

आता तळाचे मोमेंट पाहू. वुडचा जोर सोपेपणासाठी उंचीवर सारखा वाटला तर दाब १२.९६ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर आणि तळाचा मोमेंट २५.९ येतो, सीड-व्हिटमनने तो ९.७ येतो. भूकंप नसलेल्या स्थितीत १.५ या भार गुणांकाने ४८.४ चे ७२.६ होतात. भूकंपासह, अधिभार वगळून, सीड-व्हिटमनने १.५ × (३८.४ + ९.७) = ७२.२. म्हणजे या पद्धतीने भूकंपाचा भिंतीवर काहीच परिणाम नाही असे दिसते. वुडने हाच आकडा १.५ × (३८.४ + २५.९) = ९६.५ होतो, म्हणजे एक-तृतीयांश वाढ. पुण्यातल्या टाकीसाठी तो ८३.५ येतो. दोन्ही पद्धतींत अधिभारासह १.२ गुणांकाचे संयोजनही तपासावे. येथे ते नियंत्रक ठरत नाही. भिंतीच्या स्वतःच्या जडत्वाचा सुमारे १.१ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर दाब लहान असला तरी अंतिम गणितात जोडावा. वरच्या आकड्यांत तो धरलेला नाही.

पायरी ५: दाबाचा आकार आणि स्लॅबचा जोड

वाढीव जोर तळापासून किती उंचीवर लागतो यावर अजूनही एकमत नाही. सीड-व्हिटमन आणि वुड दोघेही तो उंचीच्या सुमारे ०.६ पट वर ठेवतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून लहान प्रतिकृतीवर मोठा भार आणणाऱ्या यंत्रात) केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दाब खोलीबरोबर वाढताना, म्हणजे जोर तळापासून एक-तृतीयांश उंचीवर आढळला.

वर-खाली धरलेल्या भिंतीच्या तळाच्या मोमेंटला या वादाने फारसा फरक पडत नाही. वर जास्त असलेला त्रिकोण घेतला तर २४.२, सारखा दाब घेतला तर २५.९, खाली जास्त असलेला त्रिकोण घेतला तर २७.६. फरक पडतो तो वरच्या जोडाला. स्लॅबवर भूकंपामुळे येणारा जोर याच तीन आकारांसाठी अनुक्रमे २८.५, १९.४ आणि १०.४ किलोन्यूटन प्रति मीटर येतो, आणि मातीचा स्थिर जोर तेथे फक्त १४.४ असतो. म्हणून तळासाठी कोणताही आकार घ्यावा, पण स्लॅबच्या जोडासाठी वर जास्त असलेला त्रिकोणच घ्यावा. भिंतीच्या उभ्या सळया स्लॅबमध्ये पूर्ण विकास लांबीने (सळई काँक्रीटमध्ये पक्की धरली जाईल इतक्या लांबीने) वळवून नेणे आणि स्लॅबमध्ये माणूस उतरण्याचे झाकण जेथे आहे त्या कडेला जादा सळया देणे, ही दोन कामे साइटवर हमखास निसटतात. झाकण भिंतीला चिकटून ठेवले असेल, तर तेवढ्या लांबीत भिंतीला वर आधारच उरत नाही.

कातरबलही मोमेंटइतकेच पाहावे लागते. तळाशी स्थिर ५७.६ आणि भूकंपाचे ३२.४ मिळून गुणांकासह १३५ किलोन्यूटन प्रति मीटर येतात. ४५ मिमी आवरण धरून २५० मिमी भिंतीची परिणामी खोली (दाबाच्या बाजूच्या पृष्ठापासून सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर) १९७ मिमीच्या आसपास राहते. राफ्टच्या तोंडापासून तेवढ्या अंतरावर छेद घेतला तरी कातर प्रतिबल ०.६१ न्यूटन प्रति चौरस मिमी येते. मोमेंटसाठी लागणाऱ्या सुमारे ०.६४ टक्के लोखंडासह एम ३० ची क्षमता ०.६० च्या आसपास आहे. म्हणजे भिंत अगदी काठावर आहे, आणि पाण्याच्या टाक्यांच्या आयएस ३३७० या मानकाप्रमाणे तड्याची रुंदी ०.२ मिमीच्या आत ठेवण्याची अट अजून तपासायचीच आहे. अशा वेळी लोखंड वाढवत बसण्यापेक्षा भिंत ३०० मिमी करावी आणि तळाच्या कोपऱ्यात १५० × १५० मिमीचा हाँच (काँक्रीटचा तिरका भरीव कोपरा) द्यावा.

पायरी ६: भूजल, जे भूकंपाहून मोठे असू शकते

पावसाळ्यात पाणी जमिनीखाली एक मीटरपर्यंत चढते असे धरू आणि संपृक्त मातीचे एकक वजन २० घेऊ. आता तळाशी मातीचा परिणामी दाब (पाण्याचा दाब वगळून कणांमधून येणारा) २४.३ आणि पाण्याचा २९.४, मिळून ५३.७ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर होतो. कोरड्या स्थितीत तो ३६ होता. म्हणजे पाणी चढल्याने झालेली वाढ झोन ४ च्या भूकंपाच्या सरासरी वाढीहून जास्त आहे. मृदा अहवालात उन्हाळ्यातली पाणीपातळी दिली असेल तर ती तशीच उचलू नये. आसपासच्या विहिरींची ऑगस्ट-सप्टेंबरमधली पातळी विचारून घ्यावी.

भूकंपात हे पाणी मातीबरोबर हलते की वेगळे, हे पारगम्यतेवर, म्हणजे मातीतून पाणी किती सहज वाहते यावर, ठरते. युरोकोड ८ या युरोपीय भूकंप मानकामध्ये पारगम्यता ०.०००५ मीटर प्रति सेकंदाहून कमी असल्यास पाणी मातीबरोबरच हलते असे धरतात. मुरूम, चिकणमाती आणि गाळ बहुधा याच गटात येतात. त्यांच्यासाठी वाढीव जोर काढताना संपृक्त एकक वजन वापरावे. आपल्या सूत्रात १८ ऐवजी २० घातल्यास ५१.८ चे ५७.६ होतात. गोटे-खडीचा मोकळा भराव असेल तर मातीचा कंकाल आणि पाणी यांचे गतिज दाब वेगळे काढून जोडावे लागतात.

पायरी ७: रिकामी टाकी तरंगेल का

रिकाम्या टाकीचे वजन मोजू: स्लॅब १४६, भिंती ४९९, राफ्ट २९२.५, एकूण सुमारे ९३८ किलोन्यूटन. वरील पाणीपातळीला उत्प्लावक बल २९.२५ × ३.४ × ९.८१ = ९७६ किलोन्यूटन. सुरक्षा गुणांक ०.९६ आला, तो किमान १.२ हवा. म्हणजे भूकंप न होताही ही टाकी पावसाळ्यात स्वच्छतेसाठी रिकामी केली तर वर उचलली जाऊ शकते. राफ्ट चारही बाजूंनी ३०० मिमी बाहेर काढला, तर त्यावर बसणाऱ्या मातीच्या वजनाने गुणांक सुमारे १.३४ होतो. राफ्ट जाड करण्यापेक्षा हा उपाय स्वस्त पडतो. मात्र खोदाईची रुंदी आधीच वाढवून ठेवावी लागते.

टाकी सैल, संपृक्त वाळूत असेल तर भूकंपात द्रवीभवन होऊ शकते. तेव्हा वाळू-पाण्याचे मिश्रण पाण्याच्या जवळपास दुप्पट घनतेच्या द्रवासारखे वागते, आणि राफ्टच्या कडेवरची माती तिला धरून ठेवू शकत नाही. १९६४ च्या निगाटा भूकंपात जमिनीखालच्या टाक्या अशाच वर आल्या होत्या. नदीकाठच्या किंवा खाडीलगतच्या जागेवर द्रवीभवनाची तपासणी आयएस १८९३ च्या परिशिष्टाप्रमाणे करून घ्यावी. निकाल वाईट आला तर उत्तर भिंतीत शोधू नये. वाळूचे दृढीकरण करावे किंवा जागा बदलावी.

पायरी ८: भारांची संयोजने

भिंतीसाठी किमान या स्थिती तपासाव्यात: बाहेर माती, पाणी आणि भूकंप असून टाकी रिकामी, टाकी पूर्ण भरलेली आणि बाहेर माती नाही, जी गळतीच्या चाचणीच्या वेळची प्रत्यक्ष स्थिती आहे, आणि टाकी भरलेली असताना भूकंपात हलणाऱ्या पाण्याचे जलगतिक दाब. या शेवटच्या स्थितीत आयएस १८९३ चा टाक्यांसाठीचा भाग २ एक गोष्ट बजावतो: गाडलेल्या टाकीत पाण्याचा गतिज परिणाम कमी करण्यासाठी मातीच्या गतिज दाबावर भिस्त ठेवू नये. काळ्या मातीच्या पट्ट्यात याचे कारण उघड्या डोळ्यांनी दिसते. मे महिन्यात माती आकसून भिंतीपासून सुटते आणि तेथे बोटभर फट पडते. तेव्हा आलेल्या भूकंपात बाहेरून आधार द्यायला माती जागेवर नसते.

याच कारणाने काळी माती भरावात परत टाकू नये. ती पावसात फुगते तेव्हा भिंतीवर येणारा दाब वरील कोणत्याही सूत्रात बसत नाही. खोदलेली काळी माती उचलून टाकावी आणि मुरूम आणावा.

पायरी ९: भराव आणि नळजोडण्या

गळती चाचणी झाल्यावरच भराव घालावा. तो २०० ते २५० मिमीच्या थरांत, चारही बाजूंनी सारख्या उंचीने चढवावा. एका बाजूला दोन मीटर भराव आणि दुसऱ्या बाजूला रिकामा खड्डा ही स्थिती टाकीला भूकंपाहून वाईट ठरू शकते. वरचा स्लॅब ओतून पक्का होण्याआधी भराव पूर्ण करू नये, कारण तोवर भिंत कँटिलिव्हरच असते. भिंतीलगतच्या मीटरभर पट्ट्यात मोठा व्हायब्रेटरी रोलर नेऊ नये. तेथे हाताने चालवण्याचे प्लेट कॉम्पॅक्टर वापरावे. जड यंत्राने दाबलेल्या भरावाचा आडवा दाब ॲट-रेस्ट दाबाच्या वर जातो आणि तो तसाच अडकून राहतो.

टाकीत शिरणारे आणि बाहेर पडणारे नळ भिंतीत पक्के ओतू नयेत. भूकंपात जमिनीची कातर विकृती कणवेग भागिले कातर लहरींचा वेग इतकी असते. कणवेग ०.२ आणि लहरींचा वेग २०० मीटर प्रति सेकंद धरला, तर चार मीटर खोलीत माथा आणि तळ यांत ४ मिमीचा फरक पडतो. टाकी हा फरक पूर्णपणे घेत नाही, माती घेते, आणि दोन्हींमधली तफावत नळाच्या सांध्यावर येते. भिंतीत पडल फ्लँज (गळती अडवणारी नळाभोवतीची कडी) असलेला तुकडा बसवून त्याला लगेच बाहेर लवचिक जोड द्यावा आणि त्या जोडाभोवती झडपेचा चेंबर ठेवावा. चेंबर टाकीच्या भिंतीला काँक्रीटने चिकटवू नये. मध्ये २५ मिमीची फट ठेवून ती दाबता येणाऱ्या फिलर बोर्डने भरावी.